उशिराची वही

आदरणीय गुरुजन, आणि 1971 च्या अकरावीच्या वर्गातल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

पंधरा दिवसांपूर्वी संयोजकांचा मला फोन आला. म्हणाले, "तू छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होतास. मेळाव्यात रेल्वेवर काहीतरी बोल. फक्त अपघाताच्या गोष्टी नकोत, लोकांना नंतर जेवायचंय." मी म्हटलं, "मग काय बोलू?" तर म्हणाले, "जुन्या गाड्या. इंजिन, डबे. आपण पुलावर उभं राहून मोजायचो ना, तसं."

तेव्हा आज मी डबे मोजणार आहे. आपल्या लहानपणी इंजिनामागे कोणता डबा कुठे लागायचा आणि का लागायचा, एवढाच विषय. मात्र शेवटी माझं एक जुनं देणं आहे, ते या वर्गासमोरच फेडायचं आहे. म्हणून जेवणाला पाच मिनिटं उशीर झाला तर सांभाळून घ्या. उशीर हा तर आजचा विषयच आहे.

आपलं कुर्डुवाडी म्हणजे दोन रेल्वेंचं गाव. एक मोठी लाइन, मुंबई-मद्रासची, साडेपाच फूट रुंदीची. दुसरी छोटी, अडीच फुटांची, आपली बार्शी लाइट. 1897 साली कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती सुरू केली, तेव्हा आपल्या स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं. पहिला टप्पा इथून बार्शीपर्यंतचा, 21 मैलांचा. पुढे ती एका अंगाने लातूरला आणि दुसऱ्या अंगाने पंढरपूरवरून मिरजेला पोचली, सगळी मिळून 202 मैल. 1954 साली सरकारने ती विकत घेतली. 1966 साली आपला सोलापूर विभाग दक्षिण मध्य रेल्वेला जोडला गेला आणि 1977 साली परत मध्य रेल्वेत आला. म्हणजे आपण शाळेत होतो ती सगळी वर्षं दक्षिण मध्यची. मी नोकरीला लागलो 1978 मध्ये, भुसावळच्या प्रशिक्षण शाळेतून, तोवर परत मध्य रेल्वे झाली होती.

आता मोठ्या लाइनवरची मेल डोळ्यांपुढे आणा. पुढे धूर सोडणारं इंजिन, पुढे पुढे डिझेल आलं. इंजिनाला लागून सामानाचा डबा. त्यात अर्ध्या भागात पार्सलं, उरलेल्या भागात थोडे प्रवासी. मग तिसऱ्या वर्गाचे दोन-तीन बिनआरक्षणाचे डबे. मग टपालाचा आरएमएस. मग तिसऱ्या वर्गाचेच, पण रात्री झोपायला फळ्या असलेले डबे. मध्यावर पहिला वर्ग, त्याच्या आसपास जेवणाचा डबा. मग पुन्हा झोपायचे डबे, पुन्हा बिनआरक्षणाचे आणि सगळ्यात शेवटी गार्डचा डबा. गाडीगणिक यात एक-दोन डब्यांचा फरक पडायचा, पण साचा हाच. आपण पुलावरून मोजायचो आणि कुणाचा आकडा बरोबर यावर पेरूची पैज लावायचो. आकडा बरोबर यायचा, पण हा क्रम असाच का, हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही. गार्ड झाल्यावर मला तो पडला, कारण आता गाडी बरोबर लागली आहे की नाही हे पाहणं माझं काम होतं.

सामानाचा आणि गार्डचा डबा टोकांना का? कारण गाडीचं टोक ही मार खायची जागा. टक्कर झाली तर पहिला दणका पार्सलांच्या कप्प्याला बसावा, माणसांना नव्हे. म्हणून त्या डब्याचा सामानाचा भाग बाहेरच्या बाजूला आणि माणसांचा आतल्या बाजूला ठेवायचा दंडक होता. अपघाताबद्दल एवढंच बोलतो, संयोजकांनी माझ्याकडे बघू नये.

गार्ड शेवटी असायचं दुसरंही कारण आहे. मध्येच कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले, तर मागच्या तुकड्यावर हातब्रेक लावणारा माणूस हवा. आणि शेवटच्या डब्याच्या पाठीवर दिवसा 'एलव्ही' अशी पाटी आणि रात्री लाल दिवा असायचा. एलव्ही म्हणजे लास्ट व्हेईकल. गाडी स्टेशनात आली की स्टेशन मास्तरांचे लोक ती पाटी बघत. पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मध्ये कुणी रुळांवर राहिलं नाही. ती दिसल्याशिवाय मागच्या स्टेशनाला पुढची गाडी सोडायची परवानगी मिळत नसे. हे लक्षात ठेवा, मी याच्याकडे परत येणार आहे.

पहिला वर्ग मध्ये का? फलाटाच्या मध्यावर काय असतं ते आठवा. मास्तरांची कचेरी, वेटिंग रूम, चहाची खोली, बाहेर पडायचं दार. पहिल्या वर्गाचा प्रवासी उतरला की चार पावलांत टांग्यापाशी. इंजिनाचा धूर आणि कोळशाचे कण तिथवर कमी पोचायचे. आणि फलाट आखूड असला, तरी गाडीचा मधला भाग फलाटालाच लागायचा.

आणि तिसरा वर्ग टोकांना का? गर्दी दोन्हीकडे विभागली जावी, हे एक कारण, आणि ते खोटं नाही. सगळे बिनआरक्षणाचे डबे एकत्र लावले असते तर फलाटाच्या एकाच भागात चेंगराचेंगरी झाली असती. पण दुसरी बाजूही खरी आहे. लहान स्टेशनांवर टोकाचे डबे फलाटाच्या बाहेर थांबायचे. आईने ट्रंक खाली खडीवर टाकायची, मग आपल्याला बखोटीला धरून खाली सोडायचं आणि शेवटी स्वतः पदर खोचून उडी मारायची, हे इथल्या निम्म्या लोकांनी अनुभवलेलं आहे. पुढच्या डब्यात बसलं की डोळ्यांत कोळशाचा कण गेलाच म्हणून समजायचं. बायकांचा कप्पा बहुधा गार्डच्या जवळ असायचा, तो सुरक्षिततेसाठी. माझी आई म्हणायची, "गार्डाच्या शेजारी बसलं की जिवाला बरं वाटतं." तिचा मुलगाच पुढे गार्ड होईल हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट नव्या पिढीला खरी वाटत नाही. जुन्या बऱ्याच डब्यांना एकातून दुसऱ्यात जायला वाटच नव्हती. जेवणाच्या डब्यात जायचं तर एका स्टेशनावर उतरून तिथे चढायचं, जेवायचं आणि पुढच्या स्टेशनावर उतरून आपल्या डब्यात परत यायचं. डाळ-भात लवकर संपला तरी पुढचं स्टेशन येईपर्यंत तिथेच बसून राहायचं.

आरएमएसच्या डब्याचं मला लहानपणापासून वेड होतं. आत भिंतभर खणच खण आणि चालत्या गाडीत उभं राहून गावोगावची पत्रं त्या खणांत टाकणारे लोक. डब्याच्या बाहेरच्या अंगाला पत्र टाकायला फट असायची. पोस्टाची पेटी उघडून नेली असली, तरी स्टेशनावर पळत येऊन जादा तिकीट लावलेलं पत्र त्या फटीत टाकता यायचं. त्या जादा पैशाला 'लेट फी' म्हणत. उशीर झालेल्या पत्रालाही सरकारने एक सोय ठेवली होती, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं.

वर्गांबद्दल दोन शब्द. आपल्या आधी गाडीत चार वर्ग होते: पहिला, दुसरा, इंटर आणि तिसरा. 1955 मध्ये जुना पहिला वर्ग बंद झाला. दुसऱ्याला पहिला म्हणू लागले आणि इंटरला दुसरा. तिसरा तिसराच राहिला. मग 1974 मध्ये तिसऱ्या वर्गाला दुसरा वर्ग म्हणायचं ठरलं. पाट्या बदलल्या, बाकडी तीच लाकडाची राहिली. त्या बाकड्यांवर फोमची गादी आली ती आपल्या कोकणचे मधू दंडवते 1977 साली रेल्वेमंत्री झाल्यावर. ज्यांनी त्याआधी लाकडी फळीवर रात्र काढली आहे, त्यांनाच त्या दोन इंचांची किंमत कळेल.

दख्खनच्या राणीचं उदाहरण देतो, कारण तिच्यावर सगळ्यांचा जीव आहे, माझाही. 1 जून 1930 ला ती मुंबई-पुणे सुरू झाली ती सात डब्यांची. अशा सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. खालचे सांगाडे इंग्लंडहून आलेले आणि वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधलेले. गाडी देखणी, पण त्या सात डब्यांत तिसऱ्या वर्गाचा एकही नव्हता. तिसरा वर्ग तिला लागला जून 1955 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. 1966 मध्ये पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे आले आणि सातांचे बारा झाले. म्हणजे गाडीला कोणते डबे जोडलेत हे पाहिलं, की कुणाला नेण्यासाठी ती काढली आहे ते कळतं. वेळापत्रकात हे लिहिलेलं नसतं.

आता छोट्या लाइनवर येतो.

बार्शी लाइटची सकाळची गाडी ही नुसती पॅसेंजर नव्हती, मिक्स्ड होती. माणसं आणि माल एकाच गाडीत. कॅलथ्रॉपने ही लाइन बांधतानाच ठरवलं होतं, की इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. त्यामुळे हलके रूळ चालले, खर्च वाचला आणि वाघिणी व डबे एका माळेत ओवता आले. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या गाड्यांना डबे पुरत नसत, तेव्हा मालाच्या वाघिणी झाडून त्यांत वारकऱ्यांना बसवत. माणूस आणि ज्वारीचं पोतं यांत या लाइनने फारसा भेद केला नाही. कुणी याला समता म्हणेल, कुणी दुसरं काही.

मिक्स्डची जुळणी अशी: पुढे इंजिन, त्याच्यामागे मालाच्या वाघिणी, त्यामागे प्रवाशांचे तीन-चार डबे आणि शेवटी गार्डचा. त्या डब्यांतला एखादा निम्मा पहिल्या वर्गाचा, निम्मा तिसऱ्याचा. पहिल्या वर्गात मी तरी कधी कुणाला बसलेलं पाहिलं नाही, एकदा एक शेळी सोडून.

वाघिणी पुढे का, तर शंटिंगसाठी. वाटेतल्या स्टेशनावर वाघीण सोडायची किंवा घ्यायची असली, की प्रवाशांचे डबे फलाटावर तसेच ठेवायचे, गार्डने हातब्रेक आवळायचा, आणि इंजिन फक्त वाघिणी घेऊन पुढे जायचं. सांधा बदलायचा, मालधक्क्याच्या रुळावर मागे यायचं, रिकामी वाघीण ठेवायची, भरलेली घ्यायची, पुन्हा मेन लाइनवर यायचं, पुन्हा फलाटावर येऊन डब्यांना जोडायचं. हवी ती वाघीण रांगेत मध्येच असली तर हेच दोनदा. डब्यांत बसलेल्या माणसांना फक्त एवढंच दिसायचं, की आपल्या गाडीला इंजिन नाही. पंधरा मिनिटांत झालं तर नशीब, एरवी पाऊण तास कुठे गेला नाही.

आता आपल्या वर्गात 'गाडीवाली पोरं' कोण होती ते आठवा. शेंद्रीकडची चार-पाच, मोडनिंबच्या बाजूची सहा-सात. शाळा अकराची. दोन्हीकडच्या सकाळच्या गाड्या कागदावर साडेदहाच्या आत यायच्या. कागदावर.

आणि आठवीपासून अकरावीपर्यंत या वर्गाचा मॉनिटर कोण होता, तेही तुम्हाला आठवत असेल. मीच होतो.

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही असायची. घंटेनंतर आलेल्याचं नाव तिच्यात लिहायचं. तारीख आणि नाव, दोनच रकाने. नाव लागलं की पहिला तास बाहेर उभं राहायचं. महिन्यात तीनदा नाव लागलं की घरी चिठ्ठी. सर, नियम शाळेचा होता आणि तुम्ही शिस्तीसाठी केला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वही माझ्या हातात होती आणि ती लिहिताना मला आनंद व्हायचा, हे मला आज सांगायचं आहे. माझं घर रेल्वे कॉलनीत, शाळेपासून सहा मिनिटांवर. मी चार वर्षांत एकदाही उशिरा आलो नाही आणि याचा मला अभिमान होता. गाडीवाली पोरं धापा टाकत, स्टेशनापासून पळत यायची आणि म्हणायची, "गाडी लेट झाली." मी म्हणायचो, "रोज कशी लेट होते रे तुमचीच गाडी?" वर्ग हसायचा. मीही हसायचो.

नोकरीत दोन-तीन वर्षं झाल्यावर काही महिने माझी ड्युटी छोट्या लाइनवर लागली. पंढरपूरहून येणारी सकाळची मिक्स्ड माझ्याकडे आली. मोडनिंबला वाघीण घ्यायची होती. मी खाली उतरून पॉइंट्समनला झेंडी दाखवत होतो. मालधक्क्यावर एका आडत्याची पोती भरून झाली होती आणि एक माणूस कानात पेन्सिल खोचून, हातात चोपडी घेऊन पोती मोजत होता. त्याने माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "मॉनिटर का रे तू?"

तो आपल्या वर्गातला होता. गणितात माझ्या पुढे असायचा. नववीत तो शाळेत यायचा बंद झाला तेव्हा मी कारण विचारलंसुद्धा नव्हतं. हजेरीपटातून एक नाव गेलं, एवढंच.

त्याने चहा मागवला. मोकळेपणाने सगळं सांगितलं, राग नव्हता. तिसरी चिठ्ठी घरी गेली, तेव्हा वडील म्हणाले, "शाळेलाच तू नको असशील तर उगाच पास कशाला काढायचा?" पुढच्या महिन्यापासून तो आडतीवर बसला. मग त्याने मला विचारलं, "आता शंटिंगला किती वेळ जाईल?"

मी म्हटलं, "अर्धा-पाऊण तास."

तो म्हणाला, "मग लिही तुझ्या वहीत. आणि या वेळी कारणपण लिही."

मित्रहो, गार्डच्या रिपोर्टात प्रत्येक स्टेशनापुढे गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली आणि किती मिनिटं थांबली हे लिहावं लागतं. त्याच्या शेजारी एक रकाना असतो कारणाचा. शंटिंग, क्रॉसिंग, इंजिनाला पाणी, सिग्नल, जे असेल ते. तो रकाना मोकळा ठेवला तर वरून लगेच विचारणा येते. कारण लिहिल्याशिवाय उशीर मान्यच होत नाही. मी तोवर शेकडो वेळा तो रकाना भरला होता. त्या दिवशी मोडनिंबला पहिल्यांदा मला आठवलं, की माझ्या निळ्या वहीत तो नव्हता.

मग मी ड्युटीवर असताना मनातल्या मनात हिशेब करायला लागलो. पौष-माघ-फाल्गुनात, ज्वारी-तुरीची रास झाली की बाजारात माल यायचा आणि मिक्स्डला वाघिणी वाढायच्या. बार्शीची बाजारपेठ केवढी मोठी, तुम्हाला सांगायला नको. वाघिणी वाढल्या की इंजिनावर भार वाढायचा, वेग कमी व्हायचा आणि वाटेत शंटिंग दुप्पट. कुर्डुवाडीला तो माल छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत पाठीवरून हलवायचे, त्यात आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील, काका होते. आणि माझ्या वहीत नावं कधी जास्त असायची? संक्रांतीनंतर. तेव्हा मला वाटायचं, परीक्षा जवळ आली की ही पोरं आळशी होतात. खरं म्हणजे त्या दिवसांत त्यांच्याच शेतातलं धान्य त्यांच्या गाडीला पुढे लागलेलं असायचं आणि ते उतरल्या-चढल्याशिवाय मागचे डबे हलत नव्हते.

हे कळायला मला रेल्वेत जावं लागलं. वर्गात असताना एकदा स्टेशनावर जाऊन उभा राहिलो असतो, तरी कळलं असतं. सहा मिनिटांचाच रस्ता होता.

म्हणून आज इथे जी गाडीवाली मंडळी बसली आहेत, तिसऱ्या रांगेत मला तिघं-चौघं दिसताहेत, त्यांची मी वर्गासमोर माफी मागतो. वर्गासमोर नाव लिहिलं होतं, म्हणून माफीही वर्गासमोरच.

आता एलव्हीच्या पाटीकडे परत येतो.

मेळाव्याच्या स्मरणिकेसाठी आपल्या तुकडीची यादी केली आहे. कष्ट घेऊन केली आहे, त्याबद्दल संयोजकांचं कौतुक आहे. यादीत 43 नावं आहेत. अकरावीच्या परीक्षेला बसलेली. पण आठवीत आपण 61 होतो. मला आकडा पक्का आठवतो, कारण हजेरीचा फळा मीच लिहायचो. म्हणजे 18 जण मधल्या स्टेशनांवर सुटले. काही मुलींची लग्नं झाली. काहींच्या वडिलांची बदली झाली. 1972 चा दुष्काळ आपण शाळा सोडल्यावर आला म्हणतात, पण काही घरांत तो आधीच येऊन बसला होता. आणि काही जण चिठ्ठीमुळे गेले.

माझ्या मोडनिंबच्या मित्राला मी या मेळाव्यासाठी फोन केला होता. तो म्हणाला, "मी कुठे त्या बॅचचा? मला पत्र नाही आलं." पत्र येणार कसं, यादीतच नाव नव्हतं.

रेल्वेची पद्धत सांगतो. गाडीला लागलेला डबा वाटेत कुठे सोडला, तरी गार्ड त्याला कागदावरून काढून टाकत नाही. डब्याचा नंबर लिहितो, कुठून कुठवर आला ते लिहितो, कुठे सोडला ते लिहितो. मुक्कामापर्यंत आला नाही म्हणून तो त्या गाडीचा नव्हताच, असं कधी होत नाही. आणि गाडी पूर्ण आली का, हे पुढच्या डब्यांवरून ठरत नाही. शेवटची पाटी बघावी लागते.

आता त्या गाड्याही राहिल्या नाहीत. 2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत बार्शी लाइट टप्प्याटप्प्याने मोठी लाइन झाली. मिक्स्ड गेली, मालधक्क्यांवर वाटेत वाघीण सोडणं गेलं. आता ठरलेल्या डब्यांची अख्खी गाडी इकडून तिकडे जाते आणि तशीच परत येते. नव्या गाड्यांना तर वेगळं इंजिनच नसतं, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची जागा. वेळेवर येतात, चांगलं आहे. माझा नातू पंढरपूरला जाऊन दुपारच्या आत परत येतो आणि मला विचारतो, तुमच्या वेळी इतका वेळ का लागायचा? त्याला मी वाघिणींची गोष्ट सांगतो. त्याला पहिल्या वर्गातली शेळी आवडते.

संयोजकांना माझी एकच विनंती आहे. स्मरणिका अजून छापायला गेलेली नाही. यादीत 61 नावं यावीत. परीक्षेला बसले, न बसले, हे त्यात लिहायची गरज नाही. मी बसून बसून 14 नावं आठवली आहेत आणि या कागदावर लिहून आणली आहेत. चार आठवत नाहीत. त्यांतल्या दोन मुली आहेत, एक लऊळची होती असं वाटतं. हा कागद मी जेवणाच्या दाराशी टेबलावर ठेवतो. बाई, सर, तुम्हीही जाता जाता नजर टाका, तुम्हाला हजेरी जास्त चांगली आठवत असेल. ज्याला जे नाव आठवेल त्याने ते लिहावं, पत्ता ठाऊक असेल तर पत्ताही. पत्रं पाठवायचं काम माझं.

मोडनिंबचं पत्र मी कालच टाकलं आहे. तो म्हणाला आहे की पुढच्या मेळाव्याला येईन, पण आता मोटारसायकलने, म्हणजे उशीर झाला तर त्याला सबब राहणार नाही. मी म्हटलं, तू कधीही ये. वही माझ्याकडे नाही आता.